दाताची शेड घेताना

दातांच्या दवाखान्यात किस्से फार साठतात. कारण अगदी साधं आहे. पेशंट अर्धा तास तोंड उघडून बसलेला असतो, आणि तोंड उघडं असलं तरी त्याला बोलता येत नाही. तोंडातला कापूस एकदा निघाला की मनात साठलेलं पहिलं वाक्य बाहेर पडतं, आणि ते आपल्याला जन्मभर पुरतं. आम्ही जुने लोक भेटलो की कुणाची अक्कलदाढ किती अवघड होती हे कुणालाच आठवत नाही. आठवतात ती ही वाक्यं.

मी पंच्याऐंशी साली, नुकतीच डेंटिस्ट होऊन, जळगावला सरांकडे असिस्टंट म्हणून लागले. सरांचा मोठा दवाखाना जळगावला, आणि दर गुरुवारी आम्ही धुळ्याला जायचो, तिथं दोन खोल्यांचा छोटा दवाखाना होता. जळगावच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर शांताराम नानांची लॅब. नाना म्हणजे आमचे दात बनवणारे. पोर्सेलिनची पावडर, बारीक ब्रश आणि एक भट्टी, एवढ्यावर माणूस असा दात करायचा की शेजारच्या खऱ्या दातानं लाजावं.

पण दात बनवायच्या आधी त्याची शेड घ्यावी लागते. म्हणजे शेजारच्या दाताचा रंग नेमका कोणता, ते ठरवायचं. त्यासाठी शेड गाईड असायचं. एका पट्टीवर ओळीनं लावलेले सोळा नकली दात, प्रत्येकाचा रंग किंचित वेगळा, मागं नंबर. एकेक दात पेशंटच्या दाताशेजारी धरायचा आणि जुळतो का बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. मला वाटायचं, दात म्हणजे पांढरे, त्यात काय बघायचं? पहिल्याच आठवड्यात नाना म्हणाले, "ताई, पांढरा दात मी अजून बघितलेला नाही."

*

आमच्याकडे शेड गाईड एकच होतं. बाहेरून मागवायचं, महाग पडायचं, म्हणून ते गुरुवारी माझ्या पर्समधून धुळ्याला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. एका गुरुवारी मी दमले होते, एसटीत डोळा लागला, आणि जळगावला उतरले तेव्हा पर्सची चेन उघडी. शेड गाईड नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टॅंडवर चौकशी केली. कळलं की गाडीत काहीतरी सापडलंय, पण ते परतीच्या फेरीत एरंडोलला उतरवलंय. मी तशीच एरंडोलला गेले.

कंट्रोलरच्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, आणि त्यावर मधोमध आमचे सोळा दात. आजूबाजूला पाच-सहा माणसं, पण टेबलापासून हातभर लांब. कुणीतरी बाजूला एक लिंबू ठेवलं होतं. शेवटच्या दोन दातांवर कुंकू.

मी पुढं होऊन म्हटलं, "हे माझं आहे."

सगळे आणखी मागे सरकले. कंट्रोलर वयस्क होते, चष्मा पुसून त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "बाई, दात सापडले. बाकीचा माणूस कुठं आहे?"

मी डेंटिस्ट आहे, हे पटवायला मला त्यांची दुखरी दाढ बघावी लागली. कुंकवाचा डाग नानांनी घासून घासून काढला, पण शेवटच्या नंबरचा दात पुढं कायम किंचित गुलाबीच राहिला. तो नंबर क्वचितच लागायचा म्हणून निभावलं.

*

गुलाबीवरून आठवलं. एका दिवाळीला सरांनी दवाखान्याला रंग दिला. रंग सरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी निवडला होता, फिकट गुलाबी. खोली खरंच छान दिसायची. पेशंट म्हणायचे, लग्नाच्या हॉलमध्ये आल्यासारखं वाटतं.

त्यानंतर तीन महिने आमचे दात परत यायला लागले. खुर्चीत बसवलं की जुळायचे, आणि पेशंट घरी गेला की दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन हजर. "डॉक्टर, उन्हात लालसर दिसतो." एका प्राध्यापकांना तर त्यांच्या वर्गातल्या मुलानं विचारलं होतं, सर पान कधीपासून खायला लागलात?

सरांचा राग नानांवर. सर वर जायचे, दात टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "नाना, पुन्हा." नाना पुन्हा करायचे. सांगितलेल्या नंबरप्रमाणे अगदी बरोबर करायचे, आणि तो दात पुन्हा चुकायचा. वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस, त्या तीन महिन्यांत जेवणाचा डबा अर्धा परत न्यायला लागला.

एक दिवस दुपारी नाना खाली आले. एरवी ते कधी खाली यायचे नाहीत. पेशंट नव्हता. ते खुर्चीत बसले, आरसा घेतला, स्वतःचे दात पाहिले. मग आरसा घेऊन बाहेर रस्त्यावर गेले, तिथं पाहिले. पुन्हा आत आले. असं दोनदा केलं. मग सरांसमोर उभे राहून म्हणाले, "साहेब, दात चुकत नाहीये. भिंत चुकतेय."

सरांनी आरसा घेतला आणि स्वतः बाहेर जाऊन आले. येताना चेहरा उतरला होता. त्यांनी नानांची माफी मागितली, माझ्यासमोर. पुढच्या रविवारी सगळ्या खोलीला, दातावर छटा पडणार नाही असा, राखाडी रंग लागला.

वहिनी त्यानंतर दोन महिने दवाखान्यात आल्या नाहीत. पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातूनच आत पाहिलं आणि म्हणाल्या, "रेल्वेच्या गोडाऊनला शोभेल असा आहे."

*

शेड पटकन घ्यायची असते. पाच-सहा सेकंदांच्या वर पाहिलं की डोळा थकतो आणि सगळे रंग सारखेच वाटायला लागतात. सरांना हे माहीत होतं, पण त्यांचा स्वभाव चिकित्सक. पाहतच राहायचे.

एकदा रावेरकडचे एक केळीवाले भाऊ आले होते. मोठे बागायतदार, पांढरंशुभ्र धोतर, समोरचा दात ट्रॅक्टरच्या हॅंडलनं गेलेला. सर एक दात धरतात, काढतात, दुसरा धरतात, पुन्हा पहिला. पाच मिनिटं झाली. भाऊंनी शांतपणे सरांच्या हातातलं शेड गाईड घेतलं, दुसऱ्या हातात आरसा धरला, एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं पाहिलं आणि एका दातावर बोट ठेवलं.

"हा घ्या. याच्यात कायले एवढं पाहाचं?"

सरांनी तो धरून पाहिला. तंतोतंत.

"भाऊ, कसं ओळखलं?"

"आमी हिरव्या घडाकडं पाहून सांगतो, कोनता दिल्लीपरेंत टिकीन आन कोनता भुसावळलेच पिकीन. तुमच्यासारखं पाहत बसलो तं ट्रक भरून व्हायचा नाही."

त्या दिवसापासून रावेरकडचं कुणी आलं की सर उगाचच शेड गाईड त्यांच्यापुढं करायचे. एका तरुण शेतकऱ्यानं बराच वेळ पाहून ते परत दिलं आणि म्हणाला, "सर, माझा कापूस आहे. मला सगळे पांढरेच दिसतात."

*

धुळ्याच्या दवाखान्यात एक अक्का कवळीसाठी आल्या. वय सत्तरीच्या पुढं, बांधा काटक, सगळे दात गेलेले. जन्मभर मिश्री लावलेली. सरांनी चांगले स्वच्छ, वयाला शोभतील असे दात निवडले. मेणात बसवून दाखवले. अक्कांनी आरशात पाहिलं आणि आरसा पालथा घातला.

"हाई नको."

"का हो अक्का? काय झालं?"

"पांढरा दात घालीसन मी गावमा कशी जाऊ? लोके म्हनतीन, म्हतारी दुसरं लगीन करी ऱ्हायनी."

सर हसले नाहीत. त्यांनी त्यांना दातांच्या आरोग्याबद्दल, स्वच्छतेबद्दल चांगलं दहा मिनिटं समजावलं. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि चपला पायात सरकवायला सुरुवात केली.

मी ते दात जळगावला आणले आणि नानांना सगळं सांगितलं. सरांचा हुकूम होता, रंग बदलायचा नाही, आपण काळे दात बनवत नाही. नानांनी दोन दिवस ते दात समोर ठेवून घेतले. मग त्यांनी दातांचा रंग तसाच ठेवला, आणि दोन दातांच्या मधल्या फटीत, हिरडीच्या कडेला, केसासारख्या बारीक तपकिरी रेषा ओढल्या.

पुढच्या गुरुवारी मी निरोप पाठवून अक्कांना बोलावलं. सरांनी कवळी हातात घेतली. रेषा त्यांना दिसल्या, हे मला दिसलं. पण त्यांनी ती अक्कांच्या तोंडात बसवली.

अक्कांनी आरसा घेतला. ओठ वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं. मग म्हणाल्या, "हां. आते मी मीच दिसस."

*

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मशीन आलं. सरांचे धाकटे भाऊ परदेशात असायचे, त्यांनी तिकडच्या कुठल्याशा डॉक्टरकडून वापरलेलं घेऊन आणलं. टेलिफोनच्या रिसिव्हरएवढं, पुढं नळी, मागून वायर एका डब्यात गेलेली. नळी दाताला टेकवायची, आत लाइट लागायचा, टुंईऽ असा आवाज यायचा आणि डब्यातून चिठ्ठी निघायची. चिठ्ठीवर शेडचा नंबर. बघायचं नाही, विचार करायचा नाही, बाहेर उजेडात जायचं नाही.

पेशंटना वाटायचं फोटो काढतायत. चोपड्याच्या एका गृहस्थांनी नळी दाताला लावायच्या आधी खिशातून कंगवा काढून भांग पाडला.

सरांना नवं खेळणं मिळालं. त्यांनी ठरवलं, आठ दिवस तपासून बघू. एव्हाना शेड घ्यायला सर नानांनाच खाली बोलवायचे; तेव्हा आधी नानांनी एकट्यानं शेड सांगायची, मग मशीननं. मला मध्ये बोलायला बंदी.

नाना आणि मशीन जुळेनात. चार पेशंट झाले, एकही जुळला नाही. सर म्हणाले, मशीनच बिघडलेलं दिसतंय. नाना म्हणाले, "नवीन आहे साहेब. शिकेल हळूहळू."

मला मात्र चैन पडेना. मी दुपारी मशीनची नळी शेड गाईडच्या दातांनाच लावून पाहिली. पहिला दात, चिठ्ठीवर पहिला नंबर. चौथा दात, चौथा नंबर. तो गुलाबी शेवटचा सोडला तर एकदाही चुकलं नाही. म्हणजे चूक मशीनची नव्हती.

ते दात पट्टीतून काढून मी वर लॅबमध्ये नेले आणि म्हटलं, "नाना, धुवायला काढले होते, ओळीनं लावून द्याल का?" हे काम ते एरवी गप्पा मारत करायचे. त्या दिवशी त्यांनी पहिला दात उचलला, प्रकाशात धरला, दुसऱ्याशी लावून पाहिला. मग तो उलटा केला आणि मागच्या कोरलेल्या नंबरवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नखानं नंबर वाचत वाचत त्यांनी सोळाही दात लावले.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. गेलं वर्षभर नाना प्रत्येक वेळी मला म्हणायचे, "ताई, आधी तुम्ही सांगा." मी सांगायचे. ते थोडा वेळ थांबायचे आणि म्हणायचे, "बरोबर." मला वाटायचं, नाना मला शिकवतायत. मी घरी जाऊन कौतुकानं सांगायचे.

मी विचारलं, "नाना, डोळे कधी दाखवले?"

"नाही दाखवले."

"का?"

"दाखवले असते तर डॉक्टरांनी सांगितलं असतं. मग मला कळलं असतं."

खाली रस्त्यावर रिक्षांचे भोंगे चालले होते. मी म्हटलं, "म्हणजे वर्षभर शेड मीच घेत होते?"

"हो. आणि एकही दात परत आला नाही. म्हणून तर बोललो नाही." पट्टी माझ्या हातात देत म्हणाले, "साहेबांना सांगणार?"

मी म्हटलं, "मी नाही. तुम्ही सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी सरांना सांगितलं. दार बंद होतं, काय बोलणं झालं मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा सरांचे डोळे लाल होते आणि नाना त्यांना पाणी आणून देत होते.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. धुळ्याला ओळखीच्या डॉक्टरांकडं आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या काळी पट्टी बरेच दिवस असायची. पट्टी निघाली तो गुरुवार होता, म्हणून आम्ही तिघं एकत्रच परत निघालो. नानांना खिडकी दिली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, नाना बाहेरच बघत होते. जळगाव जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "आभाळ एवढं निळं होतं होय."

दवाखान्यात आलो तर टेबलावर मशीन नव्हतं. सरांनी ते जाण्याआधीच कपाटात कोंडून ठेवलं होतं. नानांनी किल्ली मागून घेतली, ते बाहेर काढलं, फडक्यानं पुसलं आणि जागेवर ठेवलं. "राहू द्या साहेब. मी रजेवर गेलो की कुणीतरी हवं."

मग वर जाऊन त्यांनी गेल्या वर्षभरातले सगळे प्लास्टरचे साचे आणि ठेवलेल्या जादा कॅप काढल्या. एकेक खिडकीशी नेऊन बघत संध्याकाळ केली. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "ताई, शेड चांगली घेता तुम्ही. जराशी पिवळी घेता."

*

त्यानंतरचा एक गुरुवार सांगते.

धुळ्याच्या दवाखान्यात साक्रीकडचं एक म्हातारं जोडपं आलं. आबांचा समोरचा दात नातवाच्या क्रिकेटच्या बॉलनं अर्धा तुटला होता. बाकीचे दात त्या वयातही घट्ट, तंबाखूनं गडद झालेले. त्यांची बायको, याही अक्काच, बाजूच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसलेल्या.

मशीन आम्ही धुळ्यालाही न्यायला लागलो होतो. सरांनी नळी आबांच्या शेजारच्या दाताला लावली. टुंईऽ झालं, चिठ्ठी निघाली.

"हाई काय शे?" आबांनी विचारलं.

मी समजावून सांगितलं. तुमच्या दाताचा रंग यानं मोजला. आता नवा दात याच रंगाचा करू, म्हणजे कुणाला ओळखू येणार नाही.

आबांनी चिठ्ठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि परत दिली. "मना रंग नको. हिना ल्या." आणि बाकाकडं बोट दाखवलं.

हसताना अक्कांचे उजळ दात क्षणभर दिसले, मग त्यांनी पदर आणखी वर ओढला. "येडा व्हयी ग्यात का?"

सरांना वाटलं, आबांना समजलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. अक्कांचे दात उजळ आहेत, तुमचे गडद आहेत, त्या रंगाचा एकच दात तुमच्या तोंडात वेगळा दिसेल, विजोड दिसेल. आबा शांतपणे ऐकत होते. सरांचं संपल्यावर ते माझ्याकडं वळले.

"ताई, मना दात माले कोठे दिसतस? पन्नास वरीस मी हिनाच दात देखी ऱ्हायनू."

सरांनी चिठ्ठीची घडी घालून ती टोपलीत टाकली, स्टूल बाकापाशी ओढलं आणि म्हणाले, "अक्का, जरा पदर बाजूला घेता?"